विनाओळखीचं ताट

सम्राट, आधी हसायचं थांब, मग सांगतो. आणि मधी बोलायचं न्हाय. एकदा लिंक तुटली की मी परत पहिल्यापासनं सुरू करतो, तुला म्हाईत हाय.

तर भानगड एवढीच होती, की कोल्हापुरात एक असं हॉटेल शोधायचं जिथलं मटण एक नंबर पाहिजे आणि जिथं मला कुणी वळखत नसलं पाहिजे. बास. ऐकायला किती सोपं वाटतंय बघ. मलापण वाटलतं.

ही अट भैरवीच्या वडलांची. भैरवी म्हंजे आमच्या कंपनीतली रे, कागल पंचतारांकित एमआयडीसीत, अकाउंट्सला असती. मी क्वालिटीला. कास्टिंग आलं की ठोकून बघायचं, घासून बघायचं, आणि पास का रिजेक्ट ते ठरवायचं. एवढी वर्षं मी लोखंडावर शिक्के मारत बसलो आणि आता माझ्यावर शिक्का मारायला निघाले तिचे वडील, गुरुप्रसाद सर. रिटायर हेडमास्तर. विषय गणित.

सरांचं म्हणणं असं, की मुलगा घरी बघून कळत न्हाय. घरी पोहे आई करती, चहा बहीण आणती, मुलगा नुसता इस्त्री करून सोफ्यावर ठेवलेला असतोय. मुलगा हॉटेलात बघायचा. तो वेटरशी कसा बोलतोय, वाटी आली न्हाय तर ओरडतोय का, ताटात टाकतोय का. म्हणून पहिली भेट हॉटेलात. मुलाचे आई-वडील नंतर, आधी मुलगा एकटा. हॉटेल मुलानं निवडायचं.

मी म्हटलं, हे तर आपल्या हातातलं काम! तर भैरवी म्हणाली, "थांब, अजून संपलं नाही. ओळखीचं हॉटेल चालणार नाही."

झालं असं, की माझ्या आधी तिला एक इंजिनियर बघितलता. त्यानं ह्या लोकांना एका मोठ्या हॉटेलात नेलं. मॅनेजर पळत आला, "या साहेब, या साहेब" केलं, आणि कोपऱ्यात जेवत बसलेल्या एका कुटुंबाला उठवून दुसरीकडं बसवलं आणि ते टेबल ह्यांना दिलं. इंजिनियरला वाटलं काय इंप्रेशन पडलं! सर बसलेच न्हाईत. उभ्या उभ्या म्हणाले, "ओळखीनं वाढलेलं ताट म्हणजे कॉपी करून आणलेले मार्क." आणि गेले घरी. इंजिनियर रिजेक्ट.

आता मला सांग, कोल्हापुरात ओळखीशिवाय जेवायचं कसं? तू चंद्रावर जाऊन एकटा बसशील, पण हितं जमायचं न्हाय. आपल्याकडं माणूस हॉटेलात शिरला की पाणी नंतर येतंय, पहिला प्रश्न येतोय, "पावणं, गाव कुठलं?" मग "कुणाचं?" मग "म्हंजे तुम्ही अमक्याचे कोण?" तिसऱ्या प्रश्नाला नातं सापडलंच म्हणून समज. आणि माझ्या बाबतीत तर ह्यो विषय लईच अवघड, कारण मला धोंडुबाई हाय.

धोंडुबाई म्हंजे आमच्या वडलांची आत्ती, गडमुडशिंगीला असती. तिचा एकच छंद, लग्नं जुळवायची. निम्म्या जिल्ह्याच्या सोयरिकी तिनं जुळवल्यात. उरलेल्या निम्म्यांनी तिला न विचारता केल्या, त्यांच्यावर ती अजून रागावून हाय. आमचं गाव मुडशिंगी म्हटलं, की समोरचा "धोंडुबाईचं कोण तुम्ही?" एवढंच विचारतोय.

पण मी ठरवलं. म्हटलं, करायचं तर पद्धतशीर. आधी टेस्टिंग, मग फायनल. कंपनीत आम्ही सॅम्पल काढतो न्हवं? त्याचा एकच नियम हाय, सप्लायरला कळू द्यायचं न्हाय. त्याला कळलं की आज इन्स्पेक्शन हाय, की तो वरच्या ट्रेला चांगला माल लावतोय. मटणाचं तेच. मला नेहमीचं, गर्दीतलं, कुणालाबी वाढत्यात तसं ताट पाहिजे होतं.

पहिली अडचण वारांची. आमच्या घरात सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि रविवार. रविवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसती. म्हंजे अख्ख्या आठवड्यात शास्त्रीय संशोधनाला एक बुधवार! त्यात एका बुधवारी संकष्टी आली. आई म्हणाली, "तुझ्या संशोधनापायी गणपतीला वार बदलायला सांगू काय?"

पहिल्या बुधवारी मोनाला घेऊन गेलो. आमची मोना, माझी धाकटी बहीण. तिला सगळं समजावून सांगितलं, की नाव सांगायचं न्हाय, गाव सांगायचं न्हाय, गप खायचं. बसलो. मालक आला. जाडजूड, कपाळाला अष्टगंध.

"पावणं कुठलं?"

"हितलंच."

"हितलंच म्हंजे?"

"कोल्हापूर."

"कोल्हापूर व्हय, पण मूळ गाव?"

आता माणसाला मूळ गाव नाकारता येतंय काय रे? जीभ वळत न्हाय. मी बारीक आवाजात म्हटलं, "मुडशिंगी."

झालं. तो मागच्या मागं वळून आत ओरडला, "अरं, धोंडुबाईचा नातू आलाय! माझं लग्न जुळवलंय तिनं!" आणि ताट आलं ते काय सांगू. मधी नळी उभी, बाजूला कलेजी न मागता, सुक्क्यावर तूप, पांढऱ्या रश्श्याची वाटी न्हवे, तांब्या! शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्या ताटाकडं आणि आमच्या ताटाकडं आळीपाळीनं बघायला लागला. अशा ताटाचं परीक्षण करणार कसं? मोना म्हणाली, "मला चाललंय की. मी हितंच परीक्षण करत बसतो रोज."

रिजेक्ट. मटण नव्हे, टेस्ट रिजेक्ट.

पुढच्या खेपेला मी वेष बदलला. म्हंजे बोली बदलली. म्हटलं, पुण्याचं व्हायचं. दुसऱ्या हॉटेलात शिरतानाच मी म्हटलं, "अहो, दोन माणसांसाठी जागा उपलब्ध होईल का?" बघ, जमलं का न्हाय? वाढप्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी आजारी हाय. आणि खच्चून ओरडला, "पुण्याचं पावणं दोन! तिखट कमी मारा!"

तांबडा रस्सा आला तो गुलाबी. देवाशपथ, गुलाबी. पांढऱ्यात मिरं न्हाय, नुसतं नारळाचं दूध. मी चमच्यानं थोडं थोडं घेऊन "वा, छान, चविष्ट" असं करायलो होतो. मोनाच्यानं राहवेना. तिनं चमचा बाजूला ठेवला, वाटी दोन्ही हातात धरली, एका दमात सगळी भुरकली आणि वाटी आपटून म्हणाली, "ओ मामा, ह्यात तिखट कुठं हाय? आजारपणातनं उठलोय काय आम्ही?"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. गल्ल्यावरची बाई उठून आली, मोनाला खालवर बघितलं आणि म्हणाली, "तू मोना न्हवं? धोंडुबाईच्या नातीच्या हळदीला नाचलतीस ती?"

माझ्या अब्रूचं काय झालं ते विचारू नकोस. "उपलब्ध होईल का" म्हणणारा माणूस धोंडुबाईचा नातू निघाला म्हणून ते लोक अजून नक्कल करत असतील.

घरी आलो तर जिन्यात तात्या. आमच्या वरच्या मजल्यावरचे, वीज मंडळातनं रिटायर. तात्यांना कुणी सल्ला विचारत न्हाय, त्यामुळं त्यांच्याकडं स्टॉक भरपूर असतोय. मोनानं जिन्यातच सगळं सांगून टाकलं. तात्या डोळे मिटून म्हणाले, "विश्वजित, तुझं चुकतंय कुठं सांगू? तू तोंड उघडतोस."

"मग जेवू कसं?"

"खायला उघड. बोलायला उघडू नकोस. घसा बसलाय म्हणायचं. डॉक्टरनी बोलायला बंदी घातलीया. मी येतो बरोबर, मी सांभाळतो."

मला सांग, त्या वेळेला तरी मला कळायला नको होतं? पण माणूस जिद्दीला पेटला की त्याची अक्कल चुलीपुढं जाऊन बसती. आम्ही गेलो. मी गळ्याला मफलर. मालक आला, "पावणं कुठलं?" मी घशाकडं बोट दाखवलं.

तात्या म्हणाले, "घसा बसलाय त्याचा."

मालक म्हणाला, "अरारा. कशानं?"

इथं तात्यांनी "थंडीनं" एवढंच म्हणायचं होतं. पण तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. "काय सांगायचं मालक, पोरगं कागलला नोकरीला हाय. लग्नाचं बघायला लागल्यात. पोरगीचे वडील हेडमास्तर, त्यांची अट अशी, की ओळखीचं हॉटेल नको. म्हणून हे बिचारं हितं चोरून आलंय. तसं घराणं चांगलं हाय, मुडशिंगीचं, धोंडुबाई म्हणून हाईत..."

मी टेबलाखालनं लाथा मारत होतो. बोलायला बंदी! मी माझ्याच गोष्टीत मुका आणि तात्या माझ्या वाटचं सगळं बोलून मोकळे. वर मालक म्हणाला, "घसा बसलाय म्हटल्यावर तांबडा द्यायचा न्हाय," आणि मला हळदीचं दूध दिलं. तात्यांनी दोघांचं मटण खाल्लं. उठताना मला म्हणाले, "चव चांगली हाय. लिहून घे."

तोवर भैरवीचा रोज मेसेज. "बाबा विचारतायत, रविवार ठरला का?" मी लिहायचो, "प्रोसेसमध्ये हाय." ती लिहायची, "मटण आहे का पासपोर्ट?" मग एक दिवस नुसतं लिहिलं, "विश्वजित, बाबांकडे नाशिकचं एक स्थळ आलंय. डॉक्टर." खाली काहीच न्हाय. हसणारं तोंडपण न्हाय.

त्या दिवशी मी कंपनीत चांगली कास्टिंगं रिजेक्ट केली. सुपरवायझर म्हणाला, "ह्यात काय खोट हाय?" मी म्हटलं, "ह्याला कुठंतरी मी बघितलंय."

मग मी ठरवलं, आता अर्धवट खोटं बोलायचंच न्हाय. पूर्ण खोटं बोलायचं. प्रश्न विचारायच्या आधीच सगळी उत्तरं तयार ठेवायची, म्हंजे नात्याला शिरायला फट राहायला नको. आणि ह्या वेळी एकटा. ना मोना, ना तात्या.

शाहूपुरीत आतल्या गल्लीत पिराजीची खानावळ हाय. बोर्डसुद्धा धड न्हाय. दुपारी दुकानातली, गोडाऊनमधली माणसं येऊन बाकड्यावर बसत्यात, खात्यात, जात्यात. मी बसलो. पिराजी स्वतः आला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, मिशी अशी की तिलाच वेगळं ताट लागंल.

"पावणं कुठलं?"

मी फटाफट सुरू केलं. "सोलापूर. नाव ऋतुराज. गावात आता कुणी न्हाय. आई-वडील मुंबईला. चुलते न्हाईत, मामा न्हाईत. कंपनीच्या कामाला आलोय."

पिराजीला वाईट वाटलं. खरंच वाटलं रे. एवढा एकटा माणूस त्यानं कधी बघितला नव्हता. "लग्न?" म्हणाला.

आता "न्हाय" म्हटलं तर तो स्थळं सांगणार आणि स्थळं निघाली की धोंडुबाई निघणार. मी म्हटलं, "झालंय."

"वहिनींचं नाव काय?"

हे मी तयार केलं नव्हतं. भैरवी म्हणायची छाती होईना, अपशकुन वाटला. डोक्यात दुसरं एक नाव आठवड्यापासनं फिरत होतं, कारण तिच्या आईला काय म्हणायचं, काकू का मॅडम, त्याचा मी सराव करत होतो. तोंडातनं निघून गेलं, "प्रमोदिनी."

"त्या न्हाईत आल्या?"

"माहेरी गेलीय. म्हंजे... दिवस गेलेत."

का बोललो? मला म्हाईत न्हाय! खोटं बोलायला लागलं की त्याला उतार लागतोय. पिराजीनं खांद्यावरचा टॉवेल काढून डोळे पुसले. म्हणाला, "कुणी न्हाय पाठीमागं आणि त्यात ही अवस्था."

पण ताट आलं ते साधं. सगळ्यांना होतं तसंच! शेजारच्या हमालाला तेच, मला तेच. आणि सम्राट, पहिला घास घेतला आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली. तांबड्याचा झणका असा की कानात घंटा वाजती, पण घशाला ओरखडा न्हाय. पांढरा पिऊन बघितला तर मिरं, खसखस, मटणाचं आळणी पाणी, सगळं जागच्या जागी. मटण बोटानं सुटत होतं. मी मनातल्या मनात शिक्का मारला. पास!

निघताना पिराजीनं एक डबा हातात दिला. "पांढरा हाय. वहिनींना द्या. डोहाळ्यात बरा पडतोय. डबा सावकाश आणा."

घरी येऊन मी आणि मोनानं डबा संपवला. मोना म्हणाली, "लई पाप लागणार तुला," आणि डब्याला भाकरी लावून पुसून खाल्ला.

पण मी बिनडोक न्हाय हं. बोलता बोलता पिराजीकडनं काढून घेतलतं, की रविवारी तो खानावळीत नसतोय. रविवारी तो जोतिबाला जातोय, मागं आचारी आणि पोरं बघत्यात. म्हंजे रविवार दुपार सेफ! भैरवीला कळवलं. रविवार फिक्स.

रविवारी मी निळा शर्ट घातला. सर आले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. प्रमोदिनीकाकू आल्या, एकदम हसऱ्या, मला म्हणाल्या, "बाकड्यावर बसायचं? मला आवडतं." भैरवी माझ्याकडं बघायलीच नव्हती, म्हंजे ती घाबरली होती. सरांनी गल्ली बघितली, गर्दी बघितली, मान हलवली. "इथं तुम्हाला कुणी ओळखत नाही?"

"कुणीच न्हाय सर," मी म्हटलं. छाती फुगवून म्हटलं.

आणि आतनं पिराजी आला.

नंतर कळलं, आचाऱ्याच्या घरी बारसं होतं, म्हणून जोतिबा पुढच्या रविवारवर गेलता. त्या बाळाचं नाव काय ठेवलं मला म्हाईत न्हाय, पण माझं नाव मातीत गेलं. पिराजीनं लांबनंच हात वर केला.

"आलासा सोलापूरचं पावणं! अवो, किती वाट बघायची! आमच्या प्रमोदिनीवहिनींना कितवा लागला?"

सम्राट, पाणी पी आधी. मलापण दे.

काकू बसता बसता थांबल्या. अर्ध्यात. म्हंजे बाकड्याच्या आणि हवेच्या मधी. सरांनी चष्मा काढला. भैरवीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि मघाशी बघत नव्हती तेच बरं होतं हे मला कळलं.

"कोण प्रमोदिनी?" सर म्हणाले.

पिराजी म्हणाला, "ह्यांची मंडळी! पहिलटकरीण हाईत. मी डबा दिलता पांढऱ्याचा. लागला का त्यास्नी?"

"मला?" काकू म्हणाल्या.

आता मी पळून गेलो असतो तर कुणी मला दोष दिला नसता. पण मी उभा राहिलो. म्हटलं, इतक्या बुधवारांचं काम हाय, असं सोडायचं न्हाय. आणि मी एका दमात सगळं सांगितलं. सरांची अट, धोंडुबाई, मुडशिंगी, गुलाबी रस्सा, तात्या, हळदीचं दूध, कसं कुठंच ओळखीशिवाय जेवता येईना आणि म्हणून मी सोलापूरचा अनाथ झालो. "सर, मला बायको न्हाय. मला मूल न्हाय. मला चुलते, मामा, आत्त्या, आज्या सगळं हाय. लई हाय. तोच तर प्रॉब्लेम हाय."

सगळी खानावळ जेवायची थांबलती. एक जण म्हणाला, "खरं बोलतंय पोरगं. घामानं भिजलंय."

पिराजीचा चेहरा पडला. लग्नाचं, मुलाचं त्याला काही न्हाय. तो बारीक आवाजात म्हणाला, "मग माझा डबा कुणी खाल्ला?"

"मी आणि माझ्या बहिणीनं."

"चांगला होता?"

"मामा, त्याच डब्यासाठी ह्या माणसांना हितं घेऊन आलोय."

काकूंना पहिलं हसू फुटलं. तोंडाला पदर लावून, बाकडं धरून हसल्या. "अहो, ऐकलंत का? ह्या वयात डोहाळे लागले मला!" पण सर हसले न्हाईत. ते खिशातनं रुमाल काढून चष्मा पुसत होते. आधी डावी काच, मग उजवी, मग वर धरून उजेडाला बघायचं, मग परत डावी. सावकाश.

आणि पिराजी ते बघत होता. बघता बघता त्याचे हात आपोआप मागं गेले आणि तो सरळ उभा राहिला, वर्गात उभा केल्यासारखा.

"सर?" म्हणाला. "नववी क?"

सरांनी चष्मा लावला. "खिडकीकडचा शेवटचा बाक," ते म्हणाले. "पिराजी. भूमिती."

"तुम्ही मला दोनदा नापास केलंसा."

"केलं होतं."

"माझं चुलतं शाळा कमिटीवर होतं. तुमच्या घरला आलतं शब्द टाकायला. तुम्ही चहा पाजून माघारी लावलंसा."

आता भांडण होणार असं वाटून मी मधी सरकलो. तर पिराजी खाली वाकला आणि सरांचे पाय धरले. "म्हणून आईनं मला मावशीच्या खानावळीत घातलं, सर! पास झालो असतो तर आज कुठंतरी खर्डेघाशी करत बसलो असतो! ए पोरांनो, या हिकडं! माझं सर आल्यात!"

मग जे झालं ते तुला कळलंच असंल. पोरं पाया पडायला रांगेत. टेबलावरचं सगळं उचललं, धुऊन नवीन मांडलं. ताटं आली, त्यात नळ्या, कलेजी, खिमा, तूप, वड्या, ज्या वस्तू त्या खानावळीत कधी होतच न्हाईत त्या कुठनं तरी आल्या. आम्हाला प्रशस्त वाटावं म्हणून बाकड्यावरच्या दोन हमालांना सरकवून कोपऱ्यात बसवलं. मी सरांकडं बघत होतो. भैरवी सरांकडं बघत होती. तिनंच हळूच विचारलं, "बाबा, उठायचं का?"

सरांनी ताटाकडं बघितलं. वाफ येत होती. पांढऱ्यावर मिऱ्याचा कण तरंगत होता. सर म्हणाले, "वाढलेल्या अन्नावरून उठणं बरोबर नाही." मग हमालांना हाक मारून परत शेजारी बसवून घेतलं, आपल्या ताटातली कलेजी त्यांना वाढली, आणि मान खाली घालून तीन वाट्या पांढरा प्यायले.

हात धुताना मला म्हणाले, "परीक्षा रद्द. पेपर फुटला."

मी नळ बंद करायचा विसरलो.

"पण तो माझ्याकडून फुटला," सर म्हणाले. "ओळख माझी निघाली, तुमची नव्हे. नियमाप्रमाणं फेरपरीक्षा घ्यावी लागेल. येत्या बुधवारी. हॉटेल तुम्ही शोधा. मी येईन."

तिथनं पुढं सम्राट, दर बुधवारी मी आणि सर. नाशिकच्या डॉक्टरला सरांनी परस्पर कळवून टाकलं, की आमच्याकडं एक निकाल अडकलाय. आम्ही दोघं हॉटेलात शिरायचो, एकमेकांना वळखत न्हाय असं दाखवून. जिथं धोंडुबाई निघायची न्हाय, तिथं सरांचा विद्यार्थी निघायचा. पास झालेले पाया पडायचे, नापास झालेले जास्त वाढायचे. सरांनी टोपी घालून बघितली. एकदा माझा मफलर लावला. एका ठिकाणी तर वाढपीच म्हणाला, "सर, टोपी काढा की, तुम्हाला शोभत न्हाय."

सरांना ह्याचा राग यायला पाहिजे होता. तर मंगळवारी रात्रीच त्यांचा फोन, "विश्वजित, उद्या कुठं?" आणि जेवताना अशी तपासणी, की आमच्या कंपनीत कुणी करत न्हाय. "ह्यानं खोबरं आधी भाजलंय, मग वाटलंय. पण कांदा घाईत." मी म्हणायचो, "सर, पास?" ते म्हणायचे, "ग्रेस देऊन." मला कोण पास करणार ह्याचा विषयच निघेना. भैरवी वैतागली. म्हणाली, "तुमच्या दोघांचंच लग्न लावून टाका. मी जेवायला येते."

कोल्हापूर संपलं. म्हंजे ओळखीशिवायचं कोल्हापूर संपलं. मग ह्या बुधवारी, म्हंजे काल, आम्ही गाडी काढली आणि कागल ओलांडून, हद्द ओलांडून, निपाणीच्या पुढं गेलो. हायवेच्या कडेला एक ढाबा. बोर्ड कानडीत. मी म्हटलं, सर, हितं नक्की. हितं ना मुडशिंगी, ना नववी क.

बसलो. मालक आला, गळ्यात रुद्राक्ष. "यावूर री?" म्हणाला. आमची तोंडं बघितली आणि मराठीवर आला. "कुठलं पावणं?"

मी तोंड उघडलं. सोलापूर जिभेवर तयार होतं. आई-वडील मुंबईला, चुलते न्हाईत, सगळं पाठ होतं.

सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. चष्मा काढला, पुसला न्हाय, तसाच परत लावला.

"मुडशिंगीचे," सर म्हणाले. "धोंडुबाई म्हणून आहेत तिथं, त्यांचा हा नातू. विश्वजित. आणि माझा जावई."

मालकानं कपाळावर हात मारला. "धोंडुबाई! आवो, माझ्या भावाला मुलगी तिनंच दिलीया की!" आणि आत काहीतरी कानडीत ओरडला. ते मला कळलं न्हाय, पण ताट आलं तेव्हा कळलं. मधी नळी उभी होती.

मी नुसता भाकरी मोडत बसलो. सर आपल्या ताटाकडं बघत होते. त्यांनी त्यांच्यातली नळी उचलली, माझ्या ताटात ठेवली आणि वाढप्याला हाक मारली.

"पांढरा अजून आणा हो," म्हणाले. "लाजताय काय विश्वजित? ओळखीचं हॉटेल आहे."